न जन्मलेल्यांचा वाटा

आमच्या घरी एका शिसवी पेटीत मोडी लिपीतील काही कागद जपून ठेवलेले आहेत. त्यांत एक सनद आहे. पूर्वजांनी गायकवाड सरकारच्या चाकरीत घालवलेल्या वर्षांबद्दल मिळालेल्या थोड्याशा जमिनीची ती सनद. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील पुष्कळ जुन्या मराठी घरांत जी स्थिती आहे तीच आमचीही: जमीन गेली, कागद राहिला. त्या कागदात 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असे शब्द आहेत. देणाऱ्याने ज्यांना जमीन दिली, त्यांतील बहुतेकजण त्या दिवशी जन्मलेही नव्हते.

ही जमीन आमच्या आजोबांनी दोन वेळा मिळून विकली. पहिल्या वेळी धाकट्या भावाला वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईस पाठवायचे होते. दुसऱ्या वेळी तसे ठोस कारण नव्हते. एका लग्नातील पंगती, थोडी जुनी देणी आणि मग तीन-चार वर्षांचा घरखर्च, एवढ्यात ते पैसे संपले. भाव दोन्ही वेळी जवळजवळ सारखाच आला होता. परंतु घरातील वडील माणसे या दोन व्यवहारांविषयी वेगवेगळ्या भाषेत बोलत. पहिल्याबद्दल म्हणत, "ते शेत काकांच्या शिक्षणाला गेले." दुसऱ्याबद्दल म्हणत, "ते शेत आपण खाल्ले." लहानपणी आम्हांला या दोन क्रियापदांतील फरक कळत नसे. तो नीट कळला तो अलीकडे, हजारो मैलांवरील एका देशाची हकीकत वाचताना. त्या देशाचे नाव गयाना.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील हा देश क्षेत्रफळाने आजच्या गुजरातपेक्षा थोडा मोठा; लोकवस्ती मात्र आठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. देशाचा बहुतेक भाग घनदाट अरण्याने व्यापलेला आहे. दर दहा माणसांतील सुमारे नऊ माणसे समुद्रकाठच्या अरुंद सखल पट्टीत राहतात. जॉर्जटाउन ही राजधानी अशी वसलेली आहे, की भरतीच्या वेळी समुद्राची पातळी शहराच्या जमिनीहून उंच होते. समुद्र अडवण्यासाठी लांबच लांब बांध आहे, आणि ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी दरवाजे आहेत. गोव्यातील खाजण जमिनी आणि त्यांच्या मानशी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना चटकन समजेल.

ही जमीन निसर्गाने आयती दिलेली नाही. डच आणि नंतर इंग्रज मळेवाल्यांसाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी चिखल उपसून, कालवे खणून ती समुद्राकडून हिसकावून घेतली. गुलामगिरी संपली तेव्हा उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. ५ मे १८३८ रोजी कलकत्त्याहून निघालेली पहिली दोन जहाजे तेथे पोहोचली, आणि १९१७ पर्यंत सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजार हिंदी माणसे त्या किनाऱ्यावर उतरली. त्यांत बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडील, काही मद्रासकडील होती. आपण फौजेबरोबर आणि दरबारी चाकरीसाठी परमुलुखात आलो. ती माणसे मजुरीच्या करारावर अंगठा उठवून गेली. मानाच्या दृष्टीने दोहोंत महदंतर आहे. तरीही जेथे जन्म झाला नाही अशा मातीला पिढ्यान् पिढ्या आपले म्हणत राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

१९६६ साली हा देश स्वतंत्र झाला आणि पुढे कर्जात बुडाला. शिकलेली मुले बाहेर जात राहिली. २००५ च्या जानेवारीत अतिवृष्टीने किनारपट्टी पाण्याखाली गेली, तेव्हा झालेले नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होते. अशा देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर, १७०० मीटरहून अधिक खोल पाण्याखाली, २०१५ च्या मे महिन्यात खनिज तेल सापडले. त्या विहिरीला 'लीझा' हे तेथील एका माशाचे नाव दिले होते.

खोल समुद्रातून तेल काढणे म्हणजे काय, याची कल्पना असावी म्हणून दोन शब्द. एवढ्या खोलीत तळावर पाय रोवून मनोरा उभा राहू शकत नाही. विहीर खणणारे जहाज नांगरावाचून, आपल्या यंत्रांच्या जोरावर, लाटांत एकाच जागी स्थिर राहते. त्याच्या पोटातून सोडलेला नळ एवढे सारे पाणी ओलांडून तळाशी टेकतो आणि मग तेथून पुढे खडकात आणखी काही हजार मीटर उतरतो. विहिरींची तोंडे समुद्रतळावरच बसवलेली असतात. तेथे माणूस पोहोचू शकत नाही. सारे काम दुरून चालवलेली यंत्रे करतात. वर एक प्रचंड जहाज कायमचे बांधून ठेवलेले असते. तेल, वायू आणि पाणी तेथे वेगळे होते. तेल जहाजाच्या पोटात साठते आणि दुसरी जहाजे ते घेऊन जातात. तेथील माणसांना हे तेल कधी डोळ्यांनी दिसतही नाही.

या कामाचा वेग थक्क करणारा आहे. शोधापासून साडेचार वर्षांत, २० डिसेंबर २०१९ रोजी, पहिले तेल वर आले. पहिल्या जहाजाची क्षमता रोज एक लाख वीस हजार पिंपांची होती. दुसरे जहाज २०२२ मध्ये, तिसरे २०२३ मध्ये आणि चौथे २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. २०२५ च्या अखेरीस रोजचे उत्पादन नऊ लाख पिंपांच्या आसपास गेले. आणखी क्षेत्रांच्या विकासालाही मंजुरी मिळालेली आहे. २०२२ या एकाच वर्षात देशाचे उत्पन्न साठ टक्क्यांहून अधिक वाढले. ही 'प्रगती' आहे याविषयी जगातील अर्थशास्त्री आणि सावकार यांचे एकमत आहे.

आम्हांला अडखळवले ते 'उत्पन्न' या शब्दाने. शेतकऱ्याला पीक येते ते उत्पन्न, कारण शेत जागेवर राहते. घरमालकाला भाडे येते ते उत्पन्न, कारण घर उभे असते. पण कोट्यवधी वर्षांत खडकात साचलेले तेल एकदा वर काढले की ते पुन्हा भरत नाही. ते विकून आलेल्या पैशाला उत्पन्न म्हणणे म्हणजे शेत विकून आलेल्या पैशाला त्या सालचे पीक म्हणण्यासारखे आहे. मुद्दल व्याजाच्या खात्यात लिहिणाऱ्या कारकुनाला आमच्या आजोबांनी एक दिवसही चाकरीवर ठेवले नसते.

मग प्रश्न असा की, हे मुद्दल कोणाचे? आणि आज जिवंत असलेल्यांना ते विकण्याचा अधिकार कितपत?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार नऊशे वर्षांपूर्वी झालेला आहे, तोही दख्खनच्या भूमीत. कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वडिलार्जित संपत्तीत पुत्राचा हक्क बापाच्या मृत्यूनंतर उत्पन्न होत नाही, तो जन्मतःच असतो, हे तिचे प्रसिद्ध मत. स्थावराच्या बाबतीत तर ती आणखी पुढे जाते. जे जन्मले आहेत, जे गर्भात आहेत आणि जे अजून जन्मावयाचे आहेत, त्या सर्वांना उपजीविकेची अपेक्षा आहे. म्हणून कर्त्याने एकट्याच्या मर्जीने स्थावर विकू नये. गुजरातेत पुढे नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ला अधिक मान मिळाला, आणि ते भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीस स्थायिक झालेले, हेही आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु हे शास्त्रकार व्यवहारी होते. त्यांनी सरसकट बंदी घातली नाही. तीन प्रसंगी कर्त्याला एकट्यानेही विक्रीची मोकळीक दिली: आपत्काल, कुटुंबाचे पोषण आणि अवश्य करावयाचे धर्मकार्य. आम्हांस वाटते, गयानासारख्या देशाच्या प्रश्नाला ही कसोटी आजही लागू पडते.

पहिला प्रश्न आपत्तीचा. ज्या देशाची राजधानी समुद्राच्या पातळीखाली आहे, ज्याला बांध उंच करावयास पैसा नाही, ज्याची शिकलेली मुले देशाबाहेर जातात, त्याने पायाखाली ठेवा असताना तो काढू नये, असे सांगण्याचा अधिकार कोणाला? निदान आम्हांला नाही. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. १९६५ साली बडोद्याशेजारी कोयलीचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९७० च्या दशकात आमच्या स्वयंपाकघरांत नळाने गॅस येऊ लागला. आमच्या पिढीतील कितीतरी मराठी मुलांची लग्ने याच क्षेत्रातील नोकरीच्या भरवशावर जुळली. ज्याच्या घरात या तेलाचा दिवा लागला, त्याने दुसऱ्याला अंधाराचे महत्त्व सांगू नये.

युरोपातील नॉर्वेची गोष्ट येथे आठवते. २००९ साली नॉर्वेने गयानाशी करार केला: तुम्ही तुमची अरण्ये राखा, आम्ही पंचवीस कोटी डॉलरपर्यंत देऊ. करार चांगलाच होता. पण नॉर्वेच्या हाती हा पैसा कोठून आला? १९६९ साली उत्तर समुद्रात सापडलेल्या तेलातून, आणि ते तेल काढणे त्याने थांबवलेले नाही. तेल विकून सधन झालेला एकाला अरण्य राखण्याचे पैसे देतो, आणि तो दुसराही सहा वर्षांनी तेलाचा धनी होतो. यात कोणी ढोंगी आहे असे आम्ही म्हणत नाही. एवढेच दिसते, की या व्यवहारात हात पूर्ण कोरडे असलेला कोणीच उरलेला नाही.

दुसरा प्रश्न, विकून आलेल्या पैशाचे काय झाले? येथे मात्र नॉर्वेकडून शिकण्यासारखे आहे. त्याने १९९० साली कायदा करून तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी ठरवला आणि २००१ पासून असा दंडक घातला, की मुद्दलाला हात न लावता त्यावरील अपेक्षित परताव्याएवढेच दरवर्षी खर्चावे. आरंभी हे प्रमाण चार टक्के होते. २०१७ मध्ये ते तीन टक्क्यांवर आणले. खडकातले मुद्दल पैशाच्या मुद्दलात बदलले, पण मुद्दल ते मुद्दलच राहिले. विज्ञानेश्वराला हा हिशेब मान्य झाला असता.

गयानानेही निधी स्थापन केला आहे. परंतु गरीब घरात पेटीची किल्ली फार काळ कंबरेला राहत नाही. २०२४ मध्ये दरवर्षी निधीतून काढावयाच्या रकमेची मर्यादा वाढविण्यात आली. त्याच वर्षी प्रत्येक प्रौढ नागरिकास एक लाख गयानी डॉलर, म्हणजे सुमारे ४८० अमेरिकी डॉलर, रोख देण्याचे जाहीर झाले. २०२५ च्या जानेवारीपासून तेथील सरकारी विद्यापीठाचे शुल्क माफ झाले, आणि त्याच वर्षी डेमेरारा नदीवर नवा पूल खुला झाला. आमच्या घरची दोन क्रियापदे येथे उपयोगी पडतात. विद्यापीठाचे शुल्क आणि पूल यांबद्दल उद्याचा नातू म्हणेल, "ते तेल शिक्षणाला गेले, पुलाला गेले." रोख वाटलेल्या पैशाबद्दल त्याला काय म्हणता येईल? ज्या घरी त्या पैशाने छप्पर नीट झाले, तेथे तो एक म्हणेल. ज्या घरी काहीच उरले नाही, तेथे दुसरे. कुटुंबाचे पोषण हेही शास्त्राला मान्य असलेले कारण आहे, हे विसरून चालणार नाही. भुकेल्या आजच्या मुलाला डावलून उद्याच्या मुलासाठी साठवणे हासुद्धा अन्यायच.

तिसरा प्रश्न खताचा. २०१६ साली तेथील सरकारने परदेशी कंपन्यांशी केलेला करार जनतेला २०१७ च्या अखेरीपर्यंत पाहावयास मिळाला नाही. त्याप्रमाणे दोन टक्के स्वामित्वधन सरकारला मिळते. निघालेल्या तेलातून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कंपन्या आपला खर्च वसूल करतात. उरलेल्याचे दोन समान भाग होतात. म्हणजे आरंभीच्या काळात शंभर रुपयांच्या तेलामागे देशाच्या हाती साडेचौदा रुपये. खर्चाचा धोका कंपन्यांनी पत्करला, हे खरे. लीझापूर्वी त्या समुद्रात कोणालाच यश आले नव्हते, हेही खरे. तरीही कर्ता स्थावराचे खत करतो आणि सहवारसांना ते दाखवत नाही, तेव्हा भाव योग्य होता की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. जे जन्मले आहेत त्यांनाच ज्याने विचारले नाही, तो न जन्मलेल्यांना काय विचारणार? पुढे सत्तांतर झाले, करार मात्र तसाच राहिला.

अपघाताचा भार कोणी उचलायचा, हेही याच खतातले कलम. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात सुमारे दीड हजार मीटर खोलीवरील विहीर फुटली, अकरा माणसे दगावली आणि सत्त्याऐंशी दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. गयानातील दोन नागरिकांनी याच चिंतेने न्यायालयात धाव घेतली, आणि २०२३ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची अमर्याद हमी मागणारा निर्णय दिला. पुढे वरच्या न्यायालयाने त्यास स्थगिती देऊन दोनशे कोटी डॉलरच्या हमीवर काम चालू ठेवले. त्या दोघांनी तरी न जन्मलेल्यांचे वकीलपत्र घेतले होते, असे आम्ही समजतो.

येथवर मिताक्षरेने आपल्याला हात धरून आणले. पुढच्या पायरीवर मात्र ती थांबते. शेत विकले तर ते दुसऱ्याच्या हाती जाते. नष्ट होत नाही, शेजाऱ्याला इजाही करीत नाही. तेलाचे तसे नाही. एक पिंप तेल जाळले, की चारशे किलोहून अधिक कर्बवायू हवेत जातो. नऊ लाख पिंपांचा हिशेब रोजचा साडेतीन लाख टनांवर जातो. ती उष्णता सर्व पृथ्वीची, आणि तिने चढणारा समुद्र प्रथम येणार तो जॉर्जटाउनसारख्या गावांत. ज्या बांधाला उंची देण्यासाठी तेल विकावयाचे, त्याच बांधावर पाणी चढवण्यास ते तेल हातभार लावते. कर्ता वाडा दुरुस्त करण्यासाठी वाड्याच्याच पायाचे दगड विकत आहे, असा हा पेच.

यावर उत्तर दिले जाते, की जगात रोज दहा कोटी पिंपांहून अधिक तेल जळते. त्यात गयानाचा वाटा शंभरात एकसुद्धा नाही. त्याने तेल काढले नाही तर दुसरा कोणी काढील. शिवाय उद्या जग दुसऱ्या इंधनाकडे वळले तर ते तेल तसेच पडून राहील; म्हणून आजच घाईने काढावे. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. परंतु 'मी नाही तर दुसरा करील' हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभेल असे एकही कृत्य आम्हांस आठवत नाही. लाच घेणाराही तेच म्हणतो. आणि वाटा लहान असल्याने दोष लहान होतो. नाहीसा होत नाही. शंभर जणांनी थोडे थोडे पाणी घातल्यावर दुधाचे काय होते, ते आपण सर्वच जाणतो.

मात्र हा दोष केवळ विकणाऱ्याच्या पदरी बांधून मोकळे होता येत नाही. तेल काढले जाते, कारण कोणीतरी ते घेतो. २०२१ साली लीझाचे तेल आपल्या देशातील शुद्धीकरण कारखान्यांतही आले. एकोणिसाव्या शतकात ज्या समुद्रमार्गाने येथील माणसे तिकडे गेली, त्याच समुद्राने तिकडचे तेल इकडे आले. आमच्या दारातील दुचाकीत त्याचा एखादा थेंब पडला नसेल, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. तेव्हा ज्या वारसांचा वाटा खर्ची पडतो आहे, त्यांत गयानातील मुलांबरोबर आमचीही नातवंडे आहेत, आणि खर्च करणाऱ्या कर्त्यांत आम्हीही आहोत.

मग आमचा निवाडा काय? गरीब देशाने आपल्या समुद्रातील तेल काढावे की नाही, या प्रश्नाला आम्ही 'काढू नये' असे उत्तर देऊ शकत नाही. तो अधिकार आम्ही स्वतः तेल जाळून गमावला आहे. पण काढणाऱ्याने त्याला उत्पन्न म्हणू नये, एवढे सांगण्याचा अधिकार कोणाही गृहस्थाला आहे. तो ठेवा विकला गेला आहे. त्याच्या जागी काय उभे राहिले, खत कोणी पाहिले, नुकसानीची हमी कोणी दिली आणि ही विक्री कोठे थांबवावयाची, हे चार प्रश्न ज्या देशात दरवर्षी मोठ्याने विचारले जातात, तेथील प्रगतीला आम्ही प्रगती म्हणू. रोज किती लाख पिंपे निघाली हा आकडा विक्रीचा आहे. प्रगतीचा आकडा वेगळा काढावा लागतो, आणि तो काढावयास एक पिढी लागते.

आजोबांच्या भावाने पुढे डॉक्टर होऊन बडोद्यात चाळीस वर्षे रोगी तपासले, त्यांतील पुष्कळांना फुकट. ते शेत कोठे गेले हे आम्हांला ठाऊक आहे. दुसरे शेत कोठे गेले, हे आम्ही वडिलांना एकदा विचारले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्या वर्षी घरात काहीच कमी पडले नाही, एवढे आठवते." सनद त्यांनी त्याच संध्याकाळी आमच्या हाती दिली. आता ती आमच्या मुलीकडे जाईल. तिने कधी तोच प्रश्न या तेलाविषयी आम्हांला विचारला, तर वडिलांपेक्षा बरे उत्तर आमच्यापाशी असावे, एवढी इच्छा आहे.